ज्येष्ठांची सहल : आखणी परतीपासून

धानाची कापणी-मळणी उरकली, की गोंदिया जिल्ह्यातील घराघरांत सहलीचे बेत रंगू लागतात. कोणाला नागरा येथील प्राचीन शिवमंदिराचे दर्शन घ्यावयाचे असते, तर कोणाला सालेकसा तालुक्यातील कचारगडची गुहा पाहावयाची असते. अशा वेळी घरातील वृद्धांविषयी दोनच निर्णय होतात. ‘तुम्ही घरीच थांबा’ किंवा ‘चला हो, काही होत नाही’. दोन्ही निर्णय त्यांना न विचारता घेतलेले असतात.

प्रथम स्थळाची निवड करावी. नागरा गोंदिया शहरापासून अगदी जवळ आहे आणि मंदिर गावातच असल्याने अर्ध्या दिवसात दर्शन घेऊन परतता येते. कचारगडचे तसे नाही. गोंड समाजाचे हे पवित्र स्थान डोंगरात, जंगलात आहे. धनेगावाकडून पायी जाऊन चढण चढावी लागते. माघ पौर्णिमेच्या यात्रेत तर अनेक राज्यांतून भाविक येतात. घरचा जिना चढताना ज्यांना धाप लागते किंवा छातीत दाटते, त्यांनी ही चढण टाळावी व निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. सोबत एका माणसाने थांबण्याची तयारी ठेवली, तर पायथ्याच्या सावलीत बसूनही त्यांचा दिवस आनंदात जातो. किती चढलो यापेक्षा सुखरूप उतरलो का, हे महत्त्वाचे.

आता थोड्या संकोचाच्या विषयाकडे वळू. सहलीनंतर चक्कर, अशक्तपणा किंवा लघवीची जळजळ घेऊन येणाऱ्या आजींना विचारले, की बहुधा एकच उत्तर मिळते : वाटेत जाण्याची सोय नसेल म्हणून दिवसभर पाणीच घेतले नाही. काही जणी लघवी वाढविणारी गोळीही परस्पर चुकवितात. पाणी न घेतल्याने रक्तदाब घसरून पडण्याची भीती असते. म्हणून वाटेतील स्वच्छ स्वच्छतागृह आधीच हेरून ठेवावे आणि दर दोन तासांनी, त्यांनी मागण्यापूर्वीच, गाडी थांबवावी. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून घेण्यास सांगितले आहे, त्यांनी तेच प्रमाण पाळावे.

मधुमेहींची अडचण निराळी. गोळी किंवा इन्सुलिन वेळेवर घेतले आणि जेवण मात्र मंडळी जमेपर्यंत लांबले, तर साखर झपाट्याने उतरते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे. रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, बरे न वाटल्यास तेवढीच साखर पुन्हा द्यावी आणि नंतर खावयास द्यावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नये. त्वरित १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जंगलात मोबाइलची रेंज मिळेलच असे नाही, म्हणून जवळचे ग्रामीण रुग्णालय व तेथे जाण्याचा रस्ता आधीच विचारून ठेवावा. इन्सुलिन उन्हात उभ्या असलेल्या गाडीत राहू देऊ नये. हृदयरुग्णाची जिभेखाली ठेवावयाची गोळी त्यांच्याच खिशात असावी.

वेळेचे गणित उलटे मांडावे. दिवेलागणीपूर्वी घरी पोहोचावयाचे, हे प्रथम ठरवावे व त्यावरून निघण्याची वेळ काढावी. आपल्याकडे हिवाळ्यातील पहाट बोचरी असते. हृदय आणि दम्याच्या रुग्णांनी ऊन वर आल्यावरच बाहेर पडावे. दुसरा दिवस विश्रांतीसाठी मोकळा ठेवावा.

आणि या सर्वांआधी, चारचौघांत नव्हे तर एकांतात, त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात : किती चालवेल, किती वेळाने थांबावे लागते आणि कोणती औषधे केव्हा घ्यावयाची असतात. या तीन उत्तरांवर आखलेल्या सहलीत वृद्धांना आपण कुणावर ओझे झालो असे वाटत नाही. ते इतरांच्या बरोबरीने सहलीला आलेले असतात.