बरड जमीन आणि वाळ्याचा बांध

महागांव तालुक्यांतील जमीन एकाच प्रतीची नाहीं. पूस व पैनगंगा या नद्यांच्या कांठीं खोल काळी जमीन आढळते, तर टेकड्यांच्या उतारावर मुरमाड बरड लागते. या बरडावरही कपाशी, तूर व सोयाबीन यांची पेरणी होते. कर्ज काढून आणलेलें बीं व खत शेतांत टाकावें आणि आषाढांतील एका मुसळधार सरीनें तें मातीसकट नाल्यांत जावें, हें नुकसान ज्यास सोसावें लागतें त्यास बरड सुधारण्याचा प्रश्न केवळ चर्चेचा वाटणार नाहीं.

येथें पाऊसच कमी आहे असें म्हणतां येत नाहीं. यवतमाळ जिल्ह्यांत वर्षाकांठीं सरासरीनें सुमारें ३५ इंच किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. उणीव आहे ती पाणी मुरण्याची. वरचा सुपीक थर गेला कीं पाणी मुरत नाहीं, आणि पाणी मुरलें नाहीं कीं उरलेला थरही जातो.

यावर मातीचे बांध हा उपाय सर्वांच्या परिचयाचा आहे. १९७२ च्या दुष्काळांत राज्यांत असे बांध मोठ्या प्रमाणावर घालण्यांत आले. परंतु काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते. भेगेंत पाणी शिरून बांध फुटतो, आणि न फुटल्यास मागें पाणी तुंबून पीक पिवळें पडतें. म्हणून पाण्याचा वेग मोडून, गाळ मागें ठेवून, पाणी हळूहळू पुढें सोडणारा बांध हवा. असा बांध वाळ्याच्या गवताचा होतो.

वाळ्याच्या मुळ्या आडव्या न पसरतां सरळ खालीं, १० फुटांपर्यंतही जातात. त्यामुळें लगतच्या पिकास त्याचा उपद्रव फारसा होत नाहीं. कर्नाटकांत गुंडलुपेटच्या बाजूचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या हद्दीवर वाळा लावीत आले आहेत. १९८० नंतर जागतिक बँकेच्या कार्यक्रमांतून त्याचा देशभर पुरस्कार झाला. अकोल्याच्या कृषि विद्यापीठानेंही त्याचे प्रयोग केले असून, वाळ्याच्या ओळींनीं वाहून जाणारें पाणी व माती हीं दोन्ही कमी होतात असें त्यांत दिसून आलें.

लावणी पावसाळ्याच्या आरंभीं, जमीन चांगली भिजल्यावर करावी. ठोंब फोडून दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करावे व पाला ८ इंचांवर छाटावा. उतारास आडवी, पाणसळीनें आंखलेली समपातळी ओळ घेऊन तींत ४ ते ६ इंचांवर एकेक तुकडा लावावा. दोन ओळींमध्यें जमिनीच्या उंचीचा फरक ३ ते ६ फूट असावा. बीं न धरणारी दक्षिणेकडील जातच निवडावी. पट्टा दाट होण्यास दोन-तीन वर्षें लागतात. तोंवर गुरें आंत सोडूं नयेत व मेलेल्या ठोंबांच्या जागीं नवे लावावे, कारण एक खिंड राहिली तर सगळें पाणी तेथूनच धांवतें.

जो उतार नांगराखालीं येण्याजोगा नाहीं, तेथें प्रथम चराई व कुऱ्हाड बंद करावी. आरंभीं कुसळी उगवते. राखण टिकली तर मारवेल व पवन्या हीं चांगलीं गवतें मागाहून येतात व कापून गोठ्यांत नेतां येतात. सीताफळ व करंज यांस जनावरें सहसा तोंड लावीत नाहींत, म्हणून तीं झाडें अशा जागीं तगतात. बांधावर गिरिपुष्प लावल्यास छाटणीच्या पाल्यांतून पिकास नत्र मिळतें. वेडी बाभूळ मात्र कितीही काटक असली तरी आणूं नये. ती पसरून गवताची व पिकाची जागा बळकाविते.

वाळ्याच्या ओळीखालीं थोडी जमीन अडकते, हा आक्षेप खरा आहे. पण तेवढी जागा न सोडल्यास तिच्या कितीतरी पट माती दरसाल हातची जाते. शिवाय उतार कोणाच्या हद्दीशीं थांबत नाहीं. यास्तव एका उताराच्या सर्व खातेदारांनीं एकत्र बसून वरच्या शेतापासून काम धरावें. वर पाणी अडलें नाहीं तर खालच्या शेतांतील पट्ट्यावर सगळा भार येऊन पडेल.