ध्रुवीय प्रकाश : आभाळातला हिरवा पडदा



आपल्याकडे रात्री आभाळात चांदण्या दिसतात, वळवाच्या वेळी विजा चमकतात. पण नॉर्वे, फिनलंड, आइसलंड अशा उत्तरेकडच्या देशांत रात्री आभाळात हिरवा उजेड हलताना दिसतो. वाळत घातलेलं लुगडं वाऱ्यावर हलावं, तसा तो लहरतो. त्याला ध्रुवीय प्रकाश किंवा अरोरा म्हणतात. मी हे दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, "ही काय जादू आहे का?" जादू नाही. त्यामागे शास्त्र आहे, तेच आज सांगते.

हा प्रकाश कसा पडतो?

सूर्याकडून आपल्याला ऊन मिळते. त्याशिवाय सूर्यातून अतिशय बारीक विद्युतभारित कणही सतत बाहेर पडतात. त्यांच्या प्रवाहाला सौरवात म्हणतात. आपली पृथ्वी हा एक मोठा लोहचुंबकच आहे. होकायंत्राची सुई त्यामुळेच उत्तरेकडे वळते. हे चुंबकत्व बरेचसे कण अडवते आणि काही कणांना ध्रुवांजवळच्या हवेकडे नेते. ते कण हवेतल्या वायूंवर आदळले की वायू उजळतात. निऑनच्या दिव्यात वीज गेल्यावर वायू उजळतो, तसेच हे. सुमारे १०० ते १५० किलोमीटर उंचीवर ऑक्सिजन हिरवा दिसतो, २०० किलोमीटरच्या वर तांबडा. नायट्रोजन निळा-जांभळा दिसतो.

उंची कशी मोजली?

एवढ्या उंच शिडी कोण लावणार? ते काम फोटोने केले. अंगठा डोळ्यांसमोर धरा. आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा सरकल्यासारखा वाटतो ना? नॉर्वेच्या कार्ल स्टोर्मर यांनी असेच केले. १९१० साली त्यांनी दूरदूरच्या दोन जागांवरून, टेलिफोनवर खूण करून, एकाच क्षणी फोटो काढले. ताऱ्यांच्या तुलनेत प्रकाश किती सरकला हे पाहून उंची काढली.

त्याआधी १८९२ साली मार्टिन ब्रेंडेल यांनी उत्तर नॉर्वेत ध्रुवीय प्रकाशाचा पहिला फोटो काढला होता. पुढे १८९९ साली क्रिस्तियान बिर्केलान यांनी तिथेच डोंगरावर वेधशाळा बांधली. त्यांच्या एका मोहिमेत एका तरुण सहकाऱ्याची बोटे थंडीने गेली. दुसऱ्या एकाचा हिमकडा कोसळून जीव गेला. आज आपण चार ओळींत वाचतो, ते कळायला लोकांनी एवढं सोसलं आहे.

फोटो कसा काढतात?

नॉर्वेतील ट्रोम्सो गावी साधारण सप्टेंबर ते मार्च हा प्रकाश बघायला लोक जातात. उन्हाळ्यात तिथे रात्री अंधारच पडत नाही. गावाच्या दिव्यांपासून लांब जायचे. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास तरी लागतो. कॅमेरा हातात धरायचा नाही, स्टँडवर घट्ट बसवायचा. फ्लॅश बंद ठेवायचा. एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर नेम धरून चित्र स्पष्ट करून घ्यायचे आणि कॅमेऱ्याचा डोळा पाच ते पंधरा सेकंद उघडा ठेवायचा. तेवढ्या वेळात उजेड साठत जातो. म्हणून आपल्याला जे फिकट, पांढुरके दिसते ते फोटोत हिरवेगार येते. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून दुसरी बॅटरी आतल्या खिशात उबेला ठेवतात. गार तांब्याला बाहेरून पाणी सुटते, तसे उबदार घरात आणल्यावर कॅमेऱ्यालाही सुटते. म्हणून तो बाहेरच पिशवीत बंद करून मग आत आणतात.

आपल्याकडे दिसतो का?

एरवी नाही. पण सूर्यावर मोठे वादळ झाले की प्रकाश दक्षिणेकडे पसरतो. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री तो आपल्या मुंबईहून दिसल्याची नोंद आहे! १० मे २०२४ च्या रात्री लडाखमध्ये हानले इथल्या कॅमेऱ्यांनी तांबडा प्रकाश टिपला. तांबडाच का? समुद्रात लांबच्या गलबताचे आधी शीड दिसते, कारण पृथ्वी गोल आहे. तसाच लांबून या प्रकाशाचा फक्त वरचा, तांबडा भाग दिसतो.

अशी वादळे नुसती शोभेची नसतात. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्युबेक प्रांतात सुमारे ६० लाख लोकांची वीज गेली आणि सुमारे नऊ तास आली नाही. म्हणून सूर्यावर नजर ठेवावी लागते. भारतानेही २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य एल-१ हे यान त्यासाठी सोडले.

जाता जाता एक प्रश्न : दक्षिण ध्रुवाकडेही असा प्रकाश दिसत असेल का? लोहचुंबकाला टोकं किती असतात ते आठवा आणि उत्तर उद्या वर्गात सांगा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी