बंदूक खाली ठेवल्यानंतर

पहिले महायुद्ध चालू असतानाच, 1917 साली, लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल उघडले. जायबंदी शिपायांना तेथे हस्तव्यवसाय शिकविले जात. पुढे ही संस्था पुण्याजवळ खडकीस गेली. निवृत्तिवेतनाने पोट भरते, दिवस भरत नाही, हे तेव्हाही उमगले होते.

2022 च्या अग्निपथ योजनेने तोच प्रश्न तळोद्यासारख्या गावांच्या दारी आणला आहे. चार वर्षांनी चारांपैकी फार तर एक अग्निवीर सैन्यात कायम होणार. बाकीचे ऐन पंचविशीत घरी परतणार. निवृत्तिवेतन नाही, सेवानिधीचे सुमारे 11.71 लाख रुपये तेवढे हाती. गडी धडधाकट, म्हणूनच त्याची चिंता कोणी करीत नाही. सल्ला मिळतो तो बहुधा पहारेकऱ्याच्या नोकरीचा!

वस्तुतः सातपुड्याच्या पायथ्याच्या या ऊस-केळीच्या मुलखात पंपाची मोटार जळाली की कारागिराची वाट पाहत पीक सुकते. यंत्राची सवय आणि वेळेची शिस्त अंगी बाणलेल्या तरुणाला हे काम परके नाही. परंतु आयटीआयमधील वीजतंत्रीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. घरी परतल्यावर, लग्नाची बोलणी चालू असताना, पुन्हा बाकावर बसणार कोण? त्यातील निम्मे शिक्षण सेवेच्या अखेरच्या वर्षी छावणीतच पुरे करून घ्यावे, आणि उरलेले जवळच्या आयटीआयने पुढे चालवावे.