दूरच्या क्रांतीची खबर मराठीत

आम्ही जालना जिल्ह्यात शिकवतो. मोबाइलवर आलेला प्रत्येक मेसेज मुलांना खरा वाटतो. त्यांना आम्ही अरुण साधूंची (१९४१–२०१७) गोष्ट सांगतो. परतवाड्याचे साधू ‘सिंहासन’ कादंबरीमुळे सर्वांना ठाऊक आहेत. पण चीन आणि क्यूबातल्या डाव्या क्रांत्याही त्यांनी अभ्यासून सोप्या मराठीत मांडल्या. ‘फिडेल, चे आणि क्रांती’ हे त्यांचेच पुस्तक. इंग्रजी दैनिकांत नोकरी केली, तरी मराठी सोडली नाही. पुढे पुणे विद्यापीठात पत्रकारिता विभागाचे प्रमुख झाले.

खबर पडताळून घ्या, ही ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहेच. डॉक्टर-इंजिनिअरांबरोबर आपल्या घरांतून पत्रकारही घडावेत. आपली खबर कायम दुसऱ्यांनीच लिहिली, तर तक्रार कोणाकडे करणार?