कपबशीतली दारू

न्यूयॉर्कच्या नॉरफोक स्ट्रीटवर एक लोखंडी फाटक आहे आणि त्यावर पाटी आहे, 'लोअर ईस्ट साइड टॉय कंपनी'. रात्री आठ वाजता खेळण्यांच्या कंपनीत आपलं काय काम, हे विचारायच्या आत माझ्या पुतणीने फाटक ढकललं. पायऱ्या उतरून आम्ही एका अंधाऱ्या बोळात आलो. 'काका, जपून या, ओलं आहे,' ती म्हणाली. पुन्हा चार पायऱ्या चढलो, दार उघडलं, आणि आत झुंबरं, लाल भिंती, माणसांची गर्दी. वेटरने माझ्यापुढे कपबशी ठेवली. कपात चहा नव्हता हे सांगायला नकोच.

जागेचं नाव 'बॅक रूम'. अमेरिकेत १७ जानेवारी १९२० पासून ५ डिसेंबर १९३३ पर्यंत दारूबंदी होती. त्या काळात चोरून दारू देणाऱ्या अड्ड्यांत धाड पडलीच तर मंडळी चहा पिताना दिसावीत, म्हणून कप. बिअर हवी असेल तर ती बाटलीसकट कागदी पिशवीत मिळते. कायदा जाऊन नव्वदहून अधिक वर्षं झाली. पोलीस येणार नाहीत हे पिणाऱ्यालाही ठाऊक आहे आणि पाजणाऱ्यालाही. तरी दोघे मिळून लपतात आणि त्या लपण्याचे एका कपामागे वीसेक डॉलर मोजतात.

पुतणीने माझ्यासाठी अशा जागांची यादीच केली होती. त्र्याहत्तराव्या वर्षी अमेरिकेला आलेल्या काकाला बाकीचे लोक स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दाखवतात. आमची पोरगी वेगळी. शिवाय मी सोवळा नाही, हे तिला माहीत आहे.

दुसरी जागा सेंट मार्क्स प्लेसवर, चक्क हॉट डॉगच्या दुकानात. दुकानात एक टेलिफोनची लाकडी खोली, आत शिरून रिसीव्हर उचलायचा, आपलं नाव सांगायचं, की मागची भिंत उघडते. २००७ साली निघालेल्या या बारचं नाव 'प्लीज डोंट टेल', म्हणजे 'कुणाला सांगू नका'. २०१२ साली याला अमेरिकेतला जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला, तेव्हा कुणाला सांगायचं राहिलं असेल असं वाटत नाही! आत मंद उजेड, आणि भिंतींवरून पेंढा भरलेली जनावरं काचेच्या डोळ्यांनी आपल्या पेल्याकडे बघत असतात. पुतणीला हे फार आवडतं. मला त्या काचेच्या डोळ्यांकडे पाहवेना. तिने विचारलं, मी टाळलं.

लपूनछपून दारू ही मला नवलाची गोष्ट नाही. आमच्या मुंबईत १९४९चा दारूबंदी कायदा आला, मोरारजीभाईंचा अंमल सुरू झाला आणि गल्लोगल्ली आंट्यांची घरं उघडली. या बहुतेक गोव्याकडच्या किंवा ईस्ट इंडियन ख्रिस्ती बायका, पुष्कळशा विधवा. माझगावातल्या एका आंटीकडे आमचे आप्पा, म्हणजे माझे धाकटे काका, पगाराच्या दिवशी जात. आप्पा लालबागच्या एका गिरणीत साचेवाले. आजी मला धाडायची, 'त्याला घेऊन ये, पाकीट रिकामं व्हायच्या आत.' मी दार वाजवायचो. आतून 'कोण?' असा आवाज यायचा. 'लालबागचा पोरगा' म्हटलं की कडी निघायची. मेरीमातेच्या तसबिरीखाली तांबडा दिवा, तीनचार टेबलं, उकडलेली अंडी, चणे, भाजलेले बोंबील. माल यायचा मोटारीच्या टायरच्या ट्यूबमधून. आंटी माझ्या हातावर अंडं ठेवायची आणि आप्पांना म्हणायची, 'जा आता, पोरगा आला.' पिणाऱ्याला स्वतःहून घरी पाठवणारी दुकानदारीण मी नंतर पाहिली नाही.

ज्याच्याकडे पैसा आणि ओळख, त्याला डॉक्टरच्या दाखल्यावर प्रकृतीसाठी परमिट मिळायचं. त्याची बाटली दुकानातून, लेबल लावून यायची. साचेवाल्याला कोण दाखला देणार?

तिसऱ्या जागी हेच आठवलं. चायनाटाऊनमधल्या डॉयर्स स्ट्रीटला मध्येच काटकोनात वळण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी टोळ्यांनी तिथे इतके मुडदे पाडले की त्या वळणाला 'ब्लडी अँगल' म्हणतात. तिथल्या एका दारावर 'केमिस्ट' अशी पाटी आहे. आत 'अपोथेके' नावाचा बार, औषधांच्या दुकानासारखा सजवलेला, दारू मिसळणारे पांढऱ्या डगल्यात, आणि पेयांच्या यादीला म्हणायचं प्रिस्क्रिप्शन. गंमत उगाच नाही. अमेरिकेतल्या दारूबंदीतही डॉक्टरच्या चिठ्ठीवर दर दहा दिवसांना एक पाइंट व्हिस्की औषधाच्या दुकानात मिळत असे.

ज्यांना चिठ्ठी मिळाली नाही त्यांचं काय झालं, तेही नोंदलेलं आहे. कारखान्यांसाठीचं अल्कोहोल कुणी पिऊ नये म्हणून त्यात सरकारी हुकमाने विष मिसळत. १९२६च्या अखेरीस मिथेनॉलचं प्रमाण वाढवायचं ठरलं. त्याच नाताळात न्यूयॉर्कच्या इस्पितळांत माणसं आंधळी होऊन येऊ लागली, मरू लागली. शहराचे मुख्य वैद्यकीय तपासनीस चार्ल्स नॉरिस यांनी उघडपणे सरकारला दोष दिला. मिथेनॉल यकृतात जाऊन फॉर्मिक ॲसिड होतं आणि ते डोळ्यांची नस जाळतं. त्यावरचा एक उतारा म्हणजे साधी चांगली दारू. ती यकृताला गुंतवून ठेवते, तोवर विष तसंच शरीराबाहेर जातं. २००४ साली विक्रोळीत ८७ माणसं गेली, २०१५ साली मालवणीत शंभराहून अधिक. दोन्हीकडे मिथेनॉलच.

'काका, तुम्हाला एवढं कसं माहीत?' पुतणीने विचारलं.

तेव्हा मी तिला सांगितलं. १९६२च्या पावसाळ्यात आंटीकडे धाड पडली आणि घर पंधरा दिवस बंद राहिलं. पगार झालेला. आप्पा आणि खात्यातले दोघे रुळांपलीकडच्या एका झोपडीत गेले. दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसले. संध्याकाळी गॅलरीत उभे राहून म्हणाले, 'आज एवढं धुकं कसं पडलंय?' मी दहा वर्षांचा होतो. मी बाहेर पाहिलं. लख्ख पावसाळी ऊन पडलं होतं. बरोबरच्या दोघांपैकी एक त्याच रात्री गेला. आप्पांचे प्राण वाचले, डोळे गेले.

आप्पा म्हणजे या पोरीचे आजोबा. ते १९९६ साली वारले, तेव्हा ती आठ वर्षांची होती. त्यांचा हात धरून ती त्यांना लालबागच्या बाजारात न्यायची.

'पण आजोबांना काचबिंदू होता ना?'

'घरात तसं सांगायचं ठरलं होतं.'

'कुणी ठरवलं?'

'तुझ्या आजीने. सून यायची होती, पोराचं शाळेत नाव घालायचं होतं. दारुड्याचं घर म्हणवून घ्यायचं नव्हतं तिला.'

(हे छापायला पुतणीची हरकत नाही. मी विचारून घेतलं आहे.)

ती बराच वेळ बोलली नाही. डगलेवाल्याने येऊन विचारलं, आणखी एक प्रिस्क्रिप्शन लिहू का? तिने बिल मागितलं. बाहेर आलो तेव्हा मध्यरात्र झाली होती. त्या वळणावर दोन पोरं एकमेकांचे फोटो काढत उभी होती. 'बाबांना माहीत आहे?' तिने विचारलं. तिच्या बापाबरोबर, माझ्या चुलत भावाबरोबर, मी एका खोलीत वाढलो, पण हे त्याला कधी विचारवलं नाही. मुंबईत सकाळचे साडेनऊ वाजले असतील. तिने पर्समधून फोन काढला.