रोजच डोकं दुखतंय? मनाचं दुखणंही डॉक्टरांना सांगा

कपाळाला ओढणी घट्ट बांधून बाई चुलीपुढं बसलेली असते आणि घरात कुणीतरी म्हणतं, "हिचं रोजचंच आहे." पण हे नाटक नाही, आजार आहे.

महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, तेही तीन महिन्यांहून अधिक काळ डोकं दुखत असेल तर डॉक्टर त्याला जुनाट डोकेदुखी म्हणतात. त्यातली अर्धशिशी बायकांत जास्त आढळते.

त्रास डोक्यापुरता राहत नाही. उद्या खुरपणीला जायचंय, पाहुण्यांकडं लग्न आहे, पण डोकं उठलं तर? ही धास्ती कायम असते. झोप उडते, चिडचिड होते, माणूस चारचौघांत जाणं टाळतो. अशा रुग्णांत उदासी आणि चिंतेचे आजार इतरांपेक्षा जास्त दिसतात. आणि मन खचलं, झोप मोडली की डोकं पुन्हा उठतं.

त्यात दुकानातून आणलेली गोळी. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ दिवस किंवा त्याहून जास्त, असं महिनोन्‌महिने घेतलं तर गोळीमुळंच डोकं दुखायला लागतं.

काय करावं? डोकं दुखलं, गोळी घेतली, त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. ते घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. झोप आणि मनाबद्दलही न लाजता सांगा. 'टेलि मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर २४ तास बोलता येतं, मराठीतही.

डोकं अचानक असह्य दुखलं, तापात मान आखडली, हातपाय लुळे पडले किंवा बोलणं अडखळलं, तर वाट न बघता दवाखाना गाठा.