ऊब हवी, पण एकसारखी नको

लेपर्ड गेको पाळणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘पेटीचं तापमान किती ठेवू?’ प्रश्नच थोडा चुकतो. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या खडकाळ, कोरड्या भागातला हा सरडा अंगात उष्णता तयार करत नाही. गरम-गार जागांत ये-जा करून तो ती मिळवतो. म्हणून काचपेटीच्या एका टोकाला पृष्ठभागाचं तापमान ३१ ते ३३ अंश सेल्सियस, तर दुसऱ्या टोकाला साधारण २५ अंश हवं, आणि दोन्हीकडे लपायला जागा हवी. ऊब कमी पडली की खाल्लेला किडा नीट पचत नाही, भूक मंदावते.

हा तर संधिप्रकाशात आणि रात्री बाहेर पडणारा प्राणी, मग वरून दिवा कशाला, खालून हीट मॅट पुरे, असं म्हणणारे बरेच आहेत. पण निसर्गातही कपारीतल्या गेकोला मिळणारी ऊब दिवसभर उन्हात तापलेल्या दगडाचीच असते. दिवसा हॅलोजन दिव्याखाली सपाट फरशी ठेवली तर तेच घडतं. मॅट पोटाखालचा तुकडा तापवते, हवा जेमतेम. साधन कुठलंही असो, थर्मोस्टॅट हवाच. त्याच्याविना मॅट इतकी तापू शकते की पोट भाजतं. काचेला चिकटवलेल्या तापमापकाच्या तबकडीवरचा आकडा मात्र काचेजवळच्या हवेचा असतो, गेको बसतो तिथला नव्हे. थर्मोस्टॅटचा सेन्सर फरशीवरच टेकवावा. रात्री दिवा बंद केल्यावर तापमान २० अंशांच्या आसपास उतरलं तरी निरोगी प्रौढ गेकोला चालतं. त्यामुळे रात्री उबेसाठी लाल दिवा लावायची गरज नाही.